रिकामा डबा परत देऊ नये

ट्रेव्हरनं कुंपणावरून सॅक अलीकडे ठेवली तेव्हा शैलेंद्र मागच्या अंगणात पाण्याची नळी गुंडाळत होता. शनिवारची सकाळ होती, क्लेटन उपनगरातल्या आजूबाजूच्या घरांतून लॉनमोअरचे आवाज येत होते आणि आत मंजिरी त्यांच्या मुलीला, ओवीला, वेणी घालायला बोलावत होती. सॅक हिरवी आणि जुनी होती. वरच्या कप्प्यावर मार्करनं ठसठशीत अक्षरांत त्याच्या बायकोचं, कॅरेनचं, नाव लिहिलेलं होतं. "पट्टे तुझ्या मापाचे करून ठेवलेत," ट्रेव्हर म्हणाला. "बुकिंगही झालं, मेट. मार्चचा दुसरा आठवडा. ऑफिसला आत्ताच सांगून ठेव." शैलेंद्रच्या हातातली नळी सुटली. तोंडानं मात्र सवयीनं आपलं काम केलं. "ब्रिलियंट," तो म्हणाला, आणि नळी पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला लागला.

चूक त्याचीच होती, पण ती चूक आहे हे त्याला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. कॅरेन गेली त्या आठवड्यात, फ्युनरलनंतर, हॉलमध्ये चहा आणि त्रिकोणी सँडविचेस ठेवली होती. ट्रेव्हर खिडकीपाशी कप धरून उभा होता. शेजारी म्हणून आपण काहीतरी बोललं पाहिजे अशा विचारानं शैलेंद्र त्याच्याजवळ गेला. ट्रेव्हर म्हणाला, आमची ती समुद्राकाठची वाट अर्धीच राहिली. खूप वर्षांपूर्वी दोघं निघाले होते, कड्यांवरून आणि जंगलातून कित्येक दिवस चालायची ती वाट. एका किनाऱ्यावर कॅरेनचा पाय मुरगळला आणि तिथून ते परत फिरले. उरलेलं पुढच्या वर्षी, असं दर वर्षी म्हणत राहिले. "मी येईन की तुझ्याबरोबर," शैलेंद्र म्हणाला होता. "कधीही सांग." पुण्यात कुणाच्या दारावर जाऊन आलं की माणूस असंच म्हणतो. अर्ध्या रात्री हाक मारा, म्हणतो. कुणी हाक मारत नाही. म्हणणाऱ्याला ते माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही माहीत असतं, आणि तरी दोघांनाही थोडं बरं वाटतं. ट्रेव्हरला हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. त्यानं घरी जाऊन कॅलेंडर काढलं.

आता तो चालत होता. चालण्याचा हा दुसरा दिवस होता, डाव्या टाचेवर फोड आला होता, आणि कॅरेनचं नाव त्याच्या मानेमागे डुगडुगत होतं. पुढे ट्रेव्हर, सत्तरी ओलांडलेला, हृदयात स्टेंट बसवलेला, हातातल्या काठीनं वाटेवरच्या फांद्या बाजूला सारत एका लयीत चालला होता, मागच्या माणसाला फांदी लागू नये म्हणून ती क्षणभर धरून ठेवत होता. मागच्या माणसाला ते दिसत होतं, आणि दर फांदीला त्याचा राग वाढत होता. इतकं चांगलं वागायची काय गरज आहे, असं त्याला वाटत होतं. डावीकडे खाली समुद्र होता, उजवीकडे निलगिरीची झाडं. सकाळी वाटेच्या तोंडाशी बूट घासायचा ब्रश आणि फवारा ठेवलेला होता, मातीतून झाडांचा रोग पुढे जाऊ नये म्हणून. ट्रेव्हरनं वाकून बुटांचे दोन्ही तळ नीट घासले. शैलेंद्रनं ट्रेव्हरची पाठ वळलेली बघून नुसतं पाऊल आपटल्यासारखं केलं. आणि मग दिवसभर त्या न घासलेल्या तळांची जाणीव त्याला होत राहिली. आपल्या बुटांतून कुठल्या तरी झाडाला काहीतरी होणार, आणि ते आपल्याला कधी कळणारही नाही.

त्याला यायचंच नव्हतं. कारण विचारलं तर त्याच्याकडे बरीच होती. ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज तोंडावर होता, ओवीचं अरंगेत्रम नसलं तरी डान्सची परीक्षा होती, त्याला उघड्यावर झोप येत नाही. खरं कारण वेगळं होतं आणि ते तो मंजिरीलाही सांगू शकला नव्हता. उद्या दुपारी ते त्या किनाऱ्यावर पोचणार होते, जिथे कॅरेनचा पाय मुरगळला होता. तिथे ट्रेव्हर थांबेल. कदाचित रडेल. आणि आसपास मैलोगणती दुसरं कुणी नसेल, फक्त शैलेंद्र असेल. बाबा गेले तेव्हा तो विमानात होता. पोचला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं, आई स्वयंपाकघरात बसून येणाऱ्यांना चहा किती ठेवायचा ते सांगत होती, आणि आपल्यावर रडणाऱ्या माणसाजवळ बसायची वेळ आली नाही म्हणून त्याला आतून हायसं वाटलं होतं. ते हायसं वाटणं त्यानं कुणालाच दाखवलं नव्हतं. आता तीच वेळ फिरून आली होती, तीही परक्या देशात, परक्या माणसाची, आणि त्यानं स्वतः तोंडानं मागून घेतलेली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं मंजिरीला बेत सांगितला होता. ती ओट्यापाशी मेथी निवडत होती. चालण्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वाट एका गाडीरस्त्याजवळून जाते, तिथे रेंज येते, तिथून शटलबस मिळते. तेवढ्यात तू एक मेसेज कर, आई पडली म्हणून. मंजिरीचे हात थांबले. "काहीतरी दुसरं सांग," ती म्हणाली. "ताप आलाय म्हण. आईंच्या नावानं असलं बोलायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणत असते." तो हसला. तो असल्या गोष्टी मानत नाही, पण लहानपणी तोंडातून काही वेडंवाकडं निघालं की आई तोंडावर हलकी चापट मारायची, शुभ बोल रे नाऱ्या म्हणायची, आणि ती चापट अजून ओठांना आठवत होती. "बाकी काही चालत नाही," त्यानं समजावलं. "ताप म्हटलं तर तो गोळ्या काढून देईल. रिलीज म्हटलं तर त्याला वाईट वाटेल. आईचं म्हटलं की कुणी पुढे प्रश्न विचारत नाही." मंजिरीनं मेथीची जुडी खाली ठेवली. "म्हणजे त्याला वाईट वाटू नये म्हणून?" तिनं विचारलं. "तू सरळ नाही का म्हणत नाहीस त्याला? कुंपणापलीकडे तर राहतो." नाही कसं म्हणायचं? इतक्या वर्षांत त्यानं एकाही माणसाला तोंडावर नाही म्हटलेलं नव्हतं. बघू या म्हटलं होतं, कळवतो म्हटलं होतं, नक्की प्रयत्न करतो म्हटलं होतं, आणि समोरची माणसंही आपलीच असल्यानं त्यातून नाही असा अर्थ काढून घेत होती.

मंजिरी तशी त्याच्याहून कमी बोलते. फ्युनरलच्या दिवशी ती ट्रेव्हरला काहीच म्हणाली नव्हती. मृत्यू झालेल्या घरात चूल पेटत नाही एवढं तिला माहीत होतं, म्हणून दुसऱ्या दिवसापासून स्टीलच्या डब्यात वरणभात आणि एखादी बेताच्या तिखटाची भाजी भरून ती पलीकडे देऊन यायची. पहिला डबा ट्रेव्हरच्या मुलीनं स्वच्छ घासून, पुसून, रिकामा आणून दिला. मंजिरीनं हसत हसत तिला सांगितलं, आमच्यात रिकामा डबा परत देत नाहीत, निदान साखरेची चिमूट तरी घालतात. ती मुलगी ओशाळली. पुढच्या वेळी डब्यात त्यांच्या झाडाची लिंबं आली, मग बिस्किटं, एकदा कॅरेननंच कधीतरी जपून ठेवलेलं गुलाबांचं बी. शैलेंद्र ते सगळं बघायचा आणि त्याला आपल्या बायकोचा अभिमान वाटायचा. डबा नेऊन देण्याचं काम एकदाही त्याच्यावर आलं नाही, याचंही त्याला बरं वाटायचं.

दुपारी वाट चढून एका उघड्या माथ्यावर आली. रस्ता दिसत नव्हता, पण एका गाडीचा आवाज ऐकू आला, आणि शैलेंद्रच्या खिशातला फोन पाठोपाठ दोनदा थरथरला. तो थांबला. दोन मेसेज होते. एक ओवीचा, डान्सच्या पोशाखातला फोटो. दुसरा मंजिरीचा. 'मी तसं काही लिहिणार नाही. तूच काय ते बोल त्याच्याशी. पायाला फोड आला असेल तर पट्टी लाव.' त्यानं ते दोनदा वाचलं. ट्रेव्हर पुढे जाऊन थांबला होता आणि वळून त्याच्याकडे बघत होता. "सगळं ठीक?" त्यानं लांबून विचारलं. शैलेंद्रला अजून वेळ होता. हो, ओवीचा फोटो आलाय, एवढं म्हणून चालायला लागणं सोपं होतं. सरळ नाही म्हणणंही शक्य होतं. माथ्यावर वारा होता, दोघंच होते. पण त्याचं तोंड त्याच्याआधी निघालं. "माझी आई," तो म्हणाला. "पडली आहे. घरात." आणि ते बोलताना आपला चेहरा खरोखरच पांढरा पडला आहे, हे त्याला जाणवलं. त्या पांढऱ्या पडण्यानंच ट्रेव्हरची खात्री पटली.

पुढे जे झालं ते त्यानं धरलंच नव्हतं. त्याच्या हिशेबात ट्रेव्हर खांद्यावर हात ठेवणार होता, 'नो वरीज, तू जा' म्हणणार होता, आणि शटलबस येणार होती. ट्रेव्हर भराभर मागे आला, त्यानं शैलेंद्रच्या पाठीवरची सॅक स्वतः उतरवली, त्याला एका खडकावर बसवलं आणि पाण्याची बाटली हातात दिली. "पी," तो म्हणाला. "आपण घरी चाललोय. आज रात्रीचं विमान मिळेल. मी सोडतो तुला एअरपोर्टला." आपण, हा शब्द शैलेंद्रला उशिरा कळला. "तू कशाला? तू पुढे जा ना," तो म्हणाला. ट्रेव्हरनं मान हलवली. एकटं चालणार नाही असं त्यानं मुलीला कबूल केलं होतं, आणि ते नसतं तरी शैलेंद्रला अशा अवस्थेत एकट्याला बसमध्ये बसवणं त्याला जमलं नसतं. "वाट कुठे पळून जात नाही," तो म्हणाला. बोलता बोलता त्यानं फोन काढून मुलीला मेसेज केला, वॉक थांबवतोय, शैलेंद्रची आई पडली, त्याला घेऊन येतोय. जाड बोटांनी एकेक अक्षर दाबताना तो ते स्वतःशी मोठ्यानं म्हणत होता, आणि शैलेंद्र ते ऐकत होता. मेसेज गेल्याचा लहानसा आवाज झाला. आता थांबव, त्याचं मन त्याला म्हणत होतं, अजून वेळ गेलेली नाही. वेळ जात होती.

मग ट्रेव्हर त्याच्या शेजारी बसला. "तुला एक सांगतो," तो म्हणाला. "कॅरेन गेली तेव्हा मी तिथे नव्हतो. हॉस्पिटलच्या पार्किंगची वेळ संपत आली होती, म्हणून गाडी हलवायला खाली गेलो. आख्खी रात्र बसलो होतो तिच्याजवळ, आणि नेमका तेवढा वेळ नव्हतो. मुलीला वाटतं मी होतो. मी तिला सांगितलं नाही." तो समुद्राकडे बघत होता. त्याचा आवाज साधा होता, रस्ता सांगावा तसा. "तू गाडी हलवत बसू नकोस, मेट. आत्ता फोन लाव. पुढे रेंज नाही." शैलेंद्रला शरम वाटली. नुसती वाटली नाही, कानापासून सुरू होऊन ती मानेवर, छातीवर उतरत गेली, आणि वाऱ्यातही त्याला घाम फुटला. ज्या गोष्टीच्या भीतीनं तो उद्याच्या किनाऱ्यापासून पळत होता, ती त्याच्या खोटेपणानंच आज, इथे, खडकावर आणून बसवली होती. आणि ती अशी फसवून काढून घेतलेली होती. एखाद्याच्या घरात चोरून शिरावं आणि घरधन्यानं पाहुणा समजून ताट वाढावं, तसं त्याला झालं.

त्यानं फोन लावला. पुण्यात सकाळचे आठ-सव्वाआठ झाले असतील. यावेळी आई सोसायटीच्या बागेत चकरा मारते आणि फोन घरीच ठेवते, हे त्याला माहीत होतं. रिंग वाजत राहील, उचलत नाही म्हणू, पुढचं पुढे. रिंग वाजली आणि आईनं लगेच उचलला. उचलला तोही तिच्या सवयीप्रमाणे, व्हिडिओ लाव रे, तोंड बघू दे, असं म्हणत स्वतःच बटण दाबून. पडद्यावर आधी छत आलं, मग माळ्याची फळी, मग आईचा चेहरा, जवळून आणि खालून. "शैलू, बरा केलास फोन. थांब हं, कुरडयांचा डबा काढतेय माळ्यावरून." ती स्टुलावर उभी होती. ते डुगडुगतं लाकडी स्टूल त्याला लहानपणापासून माहीत होतं, त्याचा एक पाय आखूड होता आणि बाबा त्याखाली पुठ्ठा सरकवायचे. एका हातात फोन, दुसरा माळ्यावर. शैलेंद्र खडकावरून उठून उभा राहिला. "आई, खाली उतर," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला ओळखू येईना. "आधी खाली उतर. फोन ठेव आणि दोन्ही हातांनी धर. उतर म्हणतो ना." "अरे हो हो, ओरडतोस काय. आजच का चढलेय मी?" फोन कुठेतरी टेकवला गेला. पडद्यावर तिचं पाऊल स्टुलाच्या कडेवर आलं, हवेत चाचपडलं, जमिनीला लागलं, मग दुसरं. शैलेंद्र श्वास धरून बघत होता. दुसरं पाऊल जमिनीला लागलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच्या खांद्याशी ट्रेव्हरही तेच बघत उभा आहे, हे त्याला कळलं.

"हे कोण?" आई म्हणाली. ती आता पडद्यात पूर्ण दिसत होती, कमरेला पदर खोचलेली, हातात पत्र्याचा डबा. "शेजारचे का? ज्यांची बायको गेली ते?" आणि मग त्याला उत्तराची सवड न देता ती थेट ट्रेव्हरशी बोलायला लागली. "हॅलो. हाऊ आर यू? माय सन नो वॉकिंग. ओन्ली कार." ट्रेव्हरनं टोपी काढली. "छान वाटलं भेटून," तो इंग्रजीत, सावकाश म्हणाला. "तुम्ही कशा आहात?" "आय अ‍ॅम फर्स्ट क्लास," आई म्हणाली. मग मराठीत, जरा हळू, "त्यांना सांग, मला वाईट वाटलं म्हणून. आणि तू दमलेला दिसतोस. वेळेवर खात जा." एवढं झाल्यावर रेंज गेली. आईचा चेहरा पडद्यावर तसाच थांबला, डबा छातीशी धरलेला.

खाली लाटा येत होत्या आणि जात होत्या. शैलेंद्रला वाटलं, ट्रेव्हरनं विचारावं. रागवावं, एखादी कचकचीत शिवी द्यावी. ट्रेव्हरनं टोपी पुन्हा घातली आणि खाली वाकून आपली सॅक उचलली. "चांगली दिसते तुझी आई," तो म्हणाला. "सॉरी," शैलेंद्र म्हणाला. तो शब्द या देशात तो दिवसातून कितीदा तरी वापरायचा, ट्रॉली लागली की, दार धरलं की, आणि आता खरंच हवा होता तेव्हा तो झिजून गेलेला निघाला. "मला यायचं नव्हतं," तो पुढे म्हणाला. "पहिल्यापासून. मला नाही म्हणता आलं नाही." ट्रेव्हर पट्टे आवळत होता. "तू त्याच दिवशी नाही म्हणाला असतास तर मला काही वाटलं नसतं," तो म्हणाला. "बोल्स खेळायच्या क्लबातला माझा दोस्त येणार होता. स्वतःहून विचारत होता. मीच त्याला नको म्हटलं. म्हटलं, शैलेंद्रनं आधी सांगितलंय." हे तो रागानं म्हणाला नाही, आणि त्यामुळेच शैलेंद्रला त्यातून सुटायला कुठे फट सापडेना. आपला शब्द कुणीतरी इतका खरा धरला होता, की त्याच्यासाठी खरोखर येऊ पाहणाऱ्याला परत पाठवलं होतं.

"गाड्यांचा रस्ता त्या बाजूला," ट्रेव्हर काठीनं दाखवत म्हणाला. "जवळच आहे. बस येईल." "आणि तू?" ट्रेव्हर वाटेनं पुढे चालायला लागला. शैलेंद्रनं सॅक पाठीवर घेतली. एकटं चालणार नाही असं ट्रेव्हरनं मुलीला कबूल केलं आहे, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि मग हेही आलं की आपण जातोय ते त्याच्यासाठी की आता परत जाऊन मंजिरीला तोंड दाखवता येणार नाही म्हणून, हे आपल्यालाच ठाऊक नाही. तो मागोमाग निघाला. ट्रेव्हर मागे वळला नाही. पहिली फांदी आली, ट्रेव्हरनं ती बाजूला सारली आणि सोडून दिली. ती शैलेंद्रच्या गालावर फटकन बसली. त्याला बरं वाटलं. दुसरी बसली तीही त्यानं चुकवली नाही. फोड फुटला होता, मोजा ओला लागत होता, आणि पट्टी लावायला थांबलो तर पुढचा माणूस नजरेआड होईल म्हणून तो तसाच लंगडत राहिला. ऊन कलायला लागलं होतं. आईनं स्टुलावरून उचललेलं ते पाऊल त्याला पुन्हा पुन्हा दिसत होतं, हवेत चाचपडणारं. या वाटेवर उभं राहून आपण त्या पावलाखालची जमीन काढून घेतली होती, आणि ते मात्र आपलं सवयीनं खाली आलं, नीट टेकलं. देव वगैरे त्याला आठवत नव्हता. नुसतंच, पुन्हा नाही, पुन्हा असं तोंडातून काढणार नाही, असं तो पावलागणिक म्हणत होता, लहान मुलासारखं.

समुद्रात घुसलेल्या एका टोकावर वाट आली तेव्हा पुन्हा रेंज मिळाली आणि फोन परत थरथरला. ट्रेव्हरचाही वाजला असावा, पण त्यानं तो काढला नाही. तो टोकावर काठीवर भार देऊन उभा होता, पुढे लांबवर वाळूची एक पांढरी रेघ दिसत होती तिकडे बघत. तोच तो किनारा असणार, हे शैलेंद्रला विचारावं लागलं नाही. त्यानं फोन उघडला. मंजिरीचा मेसेज होता, ती नेहमी लिहिते तसा, इंग्रजी अक्षरांत मराठी. 'ट्रेव्हरची मुलगी दारात उभी आहे. आई पडल्या असं तिला वडिलांच्या मेसेजवरून कळलं म्हणते. आपला स्टीलचा डबा आणलाय, गच्च भरून. माझे हात धरून रडतेय. मी काय सांगू?' त्यानं ते वाचलं. तो खाली बसला. मग पुन्हा उठला, लंगडत ट्रेव्हरच्या शेजारी गेला आणि फोन त्याच्यापुढे धरला. ट्रेव्हरनं अक्षरांकडे पाहिलं, त्याला काहीच अर्थ लागला नाही. "हे काय आहे, मला वाचता येत नाही," तो म्हणाला.

म्हणून शैलेंद्रनं ते त्याला इंग्रजीत सांगितलं, एकेक वाक्य, काही न गाळता. मुलगी दारात उभी आहे, हे सांगितलं. डबा भरून आणलाय, हे सांगितलं. ती रडतेय, हेही सांगितलं. मग ट्रेव्हरच्या समोरच त्यानं मंजिरीला लिहिलं, 'तिला सांग की मी खोटं बोललो,' आणि काय लिहिलंय तेही ट्रेव्हरला सांगितलं. ट्रेव्हर वाळूच्या त्या रेघेकडेच बघत होता. त्याची हनुवटी हलली. त्यानं हातानं तोंड पुसलं, आणि शैलेंद्र जिथे होता तिथेच उभा राहिला, कुठेही गेला नाही.

"डबा ठेवून घ्यायला सांग बायकोला," ट्रेव्हर थोड्या वेळानं म्हणाला. "माझ्या मुलीनं दुपारभर खपून केलं असेल. आणि रिकामा परत देऊ नका. तुमच्यात तसं चालत नाही ना?" तो टोकावरून खाली उतरायला लागला. पायऱ्या उंच होत्या. पहिल्या पायरीवर तो थांबला आणि मागे न बघता, शैलेंद्र खाली येईपर्यंत, एक आडवी आलेली फांदी धरून राहिला. शैलेंद्र मान खाली घालून तिच्याखालून गेला. त्या डब्यात आता काय घालून परत द्यायचं, हे त्याला मुक्कामापर्यंत काही केल्या सुचेना.